दगडात काहीच दिसत नाही, मग नमुना कुठून घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारी व्यक्ती कॉनोडॉन्टवरच्या, म्हणजे नामशेष झालेल्या एका सागरी प्राण्याच्या दातांसारख्या सूक्ष्म अवयवांवरच्या, संशोधनाच्या पहिल्या वर्षात आहे. सूक्ष्मजीवाश्मांवर काम करणाऱ्यांची तीन दिवसांची फील्ड बैठक एका चुनखडकाच्या प्रदेशात भरते आहे आणि तिथे जायचं आहे, पण अनुभवी माणसांसमोर चूक होईल अशी धास्तीही आहे. नमुने किती घ्यावेत, प्रत्येक किती किलोचा असावा, सोबत काय न्यावं, आणि दगडात डोळ्यांना काहीच दिसत नसेल तर हातोडा नेमका कुठे मारावा?

चार गोष्टी विचारल्या आहेत, पण खरी अडचण शेवटचीच आहे. मोठ्या प्राण्याचं हाड शोधणाऱ्याला काय सापडलं ते जागेवरच कळतं. आपल्याला कळत नाही. कॉनोडॉन्टचे दातांसारखे अवयव बहुतेक वेळा पाव ते दोन मिलिमीटरचे असतात. आपण दगड भरवशावर उचलतो, आणि त्यात काही होतं की नाही हे कित्येक आठवड्यांनी आम्लाच्या बादलीच्या तळाशी कळतं. तोवर तो थर खूप मागे राहिलेला असतो. म्हणून जे ठरवायचं ते दगड वाचूनच, थरासमोर उभं राहून ठरवावं लागतं. हे ज्याला जमलं त्याला बाकीच्या तीन प्रश्नांची उत्तरं फारशी शोधावी लागत नाहीत.

माझं उत्तर सगळीकडे जसंच्या तसं लागू होणार नाही, कारण बरंच काही सूक्ष्मजीवाश्मांच्या कुठल्या गटावर काम आहे त्यावर अवलंबून आहे. कॉनोडॉन्ट फॉस्फेटचे, म्हणजे अ‍ॅपेटाइटचे असतात, त्यामुळे कठीण चुनखडक सौम्य आम्लात विरघळवून ते मोकळे करता येतात. फोरॅमिनिफेरा (थोडक्यात फोराम) या एकपेशीय जीवांचं कवच बहुधा कॅल्साइटचंच, म्हणजे चुनखडकाच्याच खनिजाचं असतं. त्यांच्यासाठी आम्ल चालत नाही, दगडाबरोबर तेही विरघळून जातात. कठीण थरातले फोराम ०.०३ मिलिमीटर जाडीच्या थिन सेक्शनमध्ये, म्हणजे दगडाच्या पारदर्शक कापात पाहायचे, आणि मोकळे हवे असतील तर चुनखडकाच्या थरांमधला मऊ मार्ल (चिकणमाती मिसळलेला चुन्याचा दगड) घ्यायचा, तो पाण्यात किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा. कॉकोलिथ, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या चुन्याच्या चकत्या पाहणाऱ्याला काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढा तुकडा पुरतो. परागकण-बीजाणूवाल्यांना फिकट, हवा लागलेला चुनखडक जवळजवळ निरुपयोगी असतो, ते काळपट शेल, म्हणजे चिखलाचा पापुद्रेदार दगड शोधतात. बैठकीत हे सगळे एकाच दरडीसमोर उभे असतील आणि प्रत्येकजण वेगळ्या थराकडे बोट दाखवेल. त्यात गोंधळून जाऊ नका. तुमचं काम कॉनोडॉन्टचं आहे, म्हणून पुढचं सगळं त्यांनाच धरून लिहितो.

आधी आकड्यांचा प्रश्न, कारण त्याचं उत्तर फील्डमध्ये नसून तुमच्या प्रयोगशाळेत आहे. एक किलो शुद्ध कॅल्साइट म्हणजे १० मोल. प्रत्येक मोलला अ‍ॅसेटिक आम्लाचे दोन मोल लागतात, म्हणजे एकूण १,२०० ग्रॅम. आपण साधारण १० टक्क्यांचं द्रावण वापरतो, तेव्हा एक किलो दगडाला कमीत कमी १२ लिटर द्रावण लागणार. फॉर्मिक आम्ल घेतलं तरी ९ लिटरच्या वर जातं. आता दोन किलोचा एक नमुना, असे तीस नमुने उत्साहात गोळा केलेत असं धरा. ७२० लिटर आम्ल, त्याच्या बादल्या, वाफा बाहेर काढणारं धुराडं, आणि रोज गाळ धुणारे हात. पहिल्या वर्षात हे कोणाला झेपत नाही. मग नमुने कपाटाखाली पडून राहतात, चिठ्ठ्या पुसट होतात, आणि दोन वर्षांनी ते कुठले हे कोणालाच सांगता येत नाही.

मी तीन दिवसांच्या भेटीत बारा ते पंधरा नमुने घेतो, प्रत्येकी दोन किलोच्या आसपास. तेवढं वजनही तीस किलोपर्यंत जातं आणि ते स्वतःच्या पाठीवरून खाली आणायचं असतं. पहिल्या फेरीत अंतर मोठं ठेवतो. त्यातून कुठल्या पट्ट्यात प्राणिसमूह बदलतो ते कळलं की दुसऱ्या भेटीत त्याच पट्ट्यात जवळजवळचे नमुने घेता येतात. पहिल्याच भेटीत सगळं उरकायची घाई करू नका. दरड पळून जात नाही.

आता मूळ प्रश्न. दगड कसा वाचायचा?

पहिली गोष्ट, हातोडा पिशवीतच राहू द्या आणि हवा-पावसाने झिजलेला पृष्ठभाग आधी बघा. चुनखडकाच्या प्रदेशाची ही मोठी कृपा आहे. पावसाचं किंचित आम्लयुक्त पाणी वर्षानुवर्षं दगड विरघळवत असतं, आणि बारीक चुनागाळ आधी झिजून कवचांचे, समुद्रकमळांच्या देठांचे, सिलिकाचे तुकडे उठून दिसतात. जे ताज्या तुटलेल्या बाजूवर अर्धा तास भिंग लावूनही दिसणार नाही, ते जुन्या बाजूवर बोट फिरवलं तरी लागतं. वाचायचं जुन्या बाजूवर आणि घ्यायचं आतलं ताजं, ही सवय लावून घ्या. थोडं पाणी शिंपडलंत तर पोत आणखी उघडा पडतो.

मग डनहॅमची चुनखडकांची १९६२ची वर्गवारी मनात ठेवून एकच बघा: कण एकमेकांना टेकले आहेत का, की गाळात तरंगताहेत? नुसता गाळ आणि दहा टक्क्यांहून कमी कण असतील तर मडस्टोन. कण जास्त पण गाळात सुटे, तर वॅकस्टोन. कण एकमेकांवर टेकलेले आणि मधे गाळ, तर पॅकस्टोन. गाळच नाही, तर ग्रेनस्टोन. ही नावं परीक्षेसाठी नाहीत. त्यांच्यातून पाणी किती खळाळतं होतं आणि गाळ किती धुऊन गेला ते समजतं.

कॉनोडॉन्टचा प्राणी समुद्रात पोहत होता आणि त्याचे हे बारीक अवयव तळावर पडत राहिले. त्यांचा पाऊस सारखाच असला तरी त्याच काळात तळावर चुनागाळ किती साचला यावर एका किलोत ते किती मिळणार हे ठरतं. गाळ झपाट्याने साचला तर ते विरळ होतात, सावकाश साचला तर दाट. म्हणून मी सावकाश साचल्याच्या खुणा शोधतो: थराच्या माथ्यावर लोखंडाने लालसर-तपकिरी झालेला, प्राण्यांनी भोकं पाडलेला कठीण पृष्ठभाग, ग्लॉकोनाइट या हिरव्या खनिजाचे ठिपके, काळपट फॉस्फेटचे कण, गाठीगाठींचा थर, एकाच पातळीवर जमलेली अमोनॉइडांसारखी (गुंडाळलेल्या शंखाच्या सागरी प्राण्यांसारखी) कवचं. अशा जागी दोन किलोत शेकडो अवयव मिळू शकतात. उलट प्रवाळभित्तीचा गाभा किंवा उथळ खाजणातला एकसारखा फिकट मडस्टोन पाच किलो विरघळवला तरी हाती दोन तुकडे लागतात, तेही मोडके.

पण इथेच जपायला हवं. ज्या थरात सगळ्यात जास्त सापडतं, तोच थर वय ठरवायला सगळ्यात वाईट असू शकतो. सावकाश साचणं याचा अर्थ काही सेंटीमीटरमध्ये फार मोठा काळ दाबून बसलेला असणं. आधीच्या काळातले अवयव उकरले जाऊन नंतरच्यांत मिसळतात आणि एकाच बादलीत दोन-तीन जैवविभागांचे, म्हणजे जीवाश्मांवरून ठरवलेल्या वेगवेगळ्या कालखंडांचे प्राणी निघतात. म्हणून असा थर मी सोडत नाही, पण त्याच्यावर एकट्यावर भिस्तही ठेवत नाही. त्याच्या खालचा आणि वरचा साधा पॅकस्टोन किंवा वॅकस्टोन, जिथे संख्या कमी पण मिश्रण नाही, तोही घेतो. निष्कर्ष बहुतेकदा त्या दोन साध्या नमुन्यांवर उभा राहतो.

नमुना कुठून हे ठरलं तरी तो किती जाडीचा हे राहतंच. नवखे लोक 'हा थर' म्हणून चाळीस सेंटीमीटरमधून इकडून-तिकडून तुकडे गोळा करतात. मेशानचं उदाहरण बघा. चीनमधल्या या दरडीत पर्मियन आणि ट्रायासिक या भूवैज्ञानिक काळांमधली जागतिक सीमा २००१ साली मान्य झाली, ती हिंदेओडस पार्वस या कॉनोडॉन्टच्या पहिल्या आगमनावर. ही सीमा २७ क्रमांकाच्या थरात आहे, आणि तो अख्खा थर सुमारे १६ सेंटीमीटरचा. त्याचे अ, ब, क, ड असे चार पट्टे केले गेले आणि सीमा तिसऱ्या पट्ट्याच्या पायाशी बसली. कोणी '२७ क्रमांकाचा थर' म्हणून एकच पिशवी भरली असती तर पृथ्वीच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या विनाशानंतरची ही रेघ त्या पिशवीत मिसळून नाहीशी झाली असती. म्हणून नमुना पाच सेंटीमीटरच्या आतून घ्या. वजन भरत नसेल तर वर-खाली जाऊ नका, त्याच पातळीवर आडवे सरका.

हातोडा मारण्याआधी आम्लाचा थेंबही टाका. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुनखडक लगेच फसफसतो. फसफसला नाही पण खरवडलेल्या पुडीवर हळूहळू बुडबुडे आले, तर तो डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेला चुनखडकाचा भाऊबंद आहे. डोलोमाइट अ‍ॅसेटिकमध्ये फार रेंगाळतो, त्यासाठी फॉर्मिक लागतं. हे आधी कळलं तर प्रयोगशाळेत महिनाभर न विरघळणाऱ्या दगडाकडे बघत बसावं लागत नाही. पण हे हायड्रोक्लोरिक फक्त चाचणीसाठी, कॉनोडॉन्ट काढायला ते कधीच वापरू नका, ते फॉस्फेटही खातं. अ‍ॅसेटिकसुद्धा ताजं आणि निव्वळ असेल तर अवयवांचा पृष्ठभाग कुरतडतं. म्हणून आधीच्या बादलीतलं वापरलेलं द्रावण नव्यात मिसळतात. त्यातल्या कॅल्शियम अ‍ॅसिटेटमुळे पीएच फार खाली जात नाही.

आता चुनखडकाच्या भूरूपाचा खास धोका. अशा प्रदेशात दगड सलग दिसला तरी सलग नसतो. उभ्या भेगा रुंदावलेल्या असतात, खाली गुहा असतात, विवरं खचलेली असतात, आणि या सगळ्या पोकळ्यांत नंतरच्या काळातलं काही ना काही शिरलेलं असतं. काही भेगा तर जुन्या समुद्रातच उघडल्या आणि त्यांत कोट्यवधी वर्षांनंतरचा चुनागाळ भरून तोही दगड झाला. रंग तसाच, कठीणपणा तसाच. तिथून नमुना घेतलात तर जुन्या थरातून तरुण प्राणी निघतात आणि वय कोसळतं. ओळखायची खूण म्हणजे थरांच्या रेषा. त्या एका जागी अचानक तुटून पलीकडे पुन्हा सुरू होत असतील, तर मधला भाग भरावाचा आहे. त्यासाठी दोन पावलं मागे जाऊन बघावं लागतं, नाक दगडाला लावून ते दिसत नाही.

एक अनुभव सांगतो. कार्बोनिफेरस काळातल्या चुनखडकाच्या एका नमुन्याचा गाळ मी सूक्ष्मदर्शकाखाली वेचत होतो. ओल्या बारीक कुंचल्याने एकेक कण उचलायचा आणि खाचेच्या पट्टीवर ठेवायचा, हे काम तासन् तास चालतं. फिकट तपकिरी, अर्धपारदर्शक अवयवांच्या मधे एक पांढरा, चकचकीत, दोन उंचवट्यांचा दात आला. क्षणभर वाटलं, काहीतरी नवीनच. मुळाशी बघितलं तर लालसर माती अडकलेली. तो उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्याचा दात होता, अगदी अलीकडचा. भेगेतली लाल माती दगडाच्या फटीत राहिली होती, मी ती घासून काढली नव्हती, आणि तो दातही फॉस्फेटचाच असल्याने आम्लातून सुखरूप पार पडला होता. दात तरी ओळखू आला. पण त्याच मातीतून, वरच्या थरातून झिजून आलेले दोन कॉनोडॉन्ट आले असते तर मला कळलं असतं का? तो नमुना मी बाद केला. तेव्हापासून प्रत्येक तुकडा कडक ब्रशने पाण्याखाली घासतो, फटी असलेला तुकडा फोडून आतला भाग घेतो, आणि एका नमुन्यातून दुसऱ्याकडे जाताना हातोडा-छिन्नी पुसतो. वापरलेली पिशवी पुन्हा वापरत नाही, चाळण्याही दोन नमुन्यांच्या मधे घासतो.

रंगाचा उल्लेख आलाच आहे तर हेही. कॉनोडॉन्टचा रंग दगड किती तापला होता ते सांगतो. १९७७मध्ये एपस्टाइन, एपस्टाइन आणि हॅरिस यांनी त्याची मोजपट्टी मांडली: १ म्हणजे फिकट पिवळा, जेमतेम ५० ते ८० अंश सेल्सियसपर्यंत तापलेला, आणि ५ म्हणजे काळा, ३०० अंशांच्या वर. म्हणून जवळपास लाव्ह्याची भिंत दगडात घुसलेली असेल तर नमुना तिच्यापासून किती अंतरावर घेतला ते वहीत नक्की लिहा. नाहीतर एकाच थरातले काळे आणि पिवळे अवयव पाहून तुम्ही पुढे कोड्यात पडाल.

वहीबद्दल मी हट्टी आहे. नमुना काढण्याआधी मोजपट्टी लावून फोटो, काढल्यावर खळग्याचा फोटो. थराच्या पायापासून नेमकी उंची. थर कुठल्या दिशेला किती कललेला. तुकड्यावर मार्करने क्रमांक आणि वरच्या दिशेचा बाण, कारण थिन सेक्शन कापताना वर-खाली कळलं नाही तर अर्धी माहिती गेली. पिशवीत चिठ्ठी, पिशवीवरही तोच क्रमांक. जीपीएस जागा सांगतं, पण उभ्या दरडीवरचा थर सांगत नाही. त्याला उंचीचा आकडा आणि रेखाटनच लागतं. ओबडधोबड का होईना, हाताने काढा. काढताना डोळा ज्या गोष्टी टिपतो त्या फोटो काढताना सुटतात.

सोबत काय न्यावं? दहा पटीचं भिंग, हातोडा, सपाट छिन्नी, डोळ्यांवर चष्मा, आम्लाची छोटी बाटली, टेप, पाणी, कडक ब्रश, जाड पिशव्या, दोन मार्कर. चष्मा विसरू नका, पोलादावरून उडालेली कपची डोळ्यात गेली तर काम कायमचं थांबू शकतं. खाणीच्या कड्याखाली हेल्मेटशिवाय उभं राहू नका, आणि रुंद भेगांच्या सपाट दगडावरून चालताना वही बघत चालू नका.

आता बैठकीतलं वागणं, कारण प्रश्नात त्याची धास्ती दिसते. अनुभवी माणसांसमोर चूक होईल म्हणून गप्प राहू नका. पहिल्या दरडीसमोर सगळे थर क्रमांकांवर एकमत करतात, तेव्हा मोठ्याने विचारा: 'तुम्ही कशाला १४ म्हणता आहात?' दोन जणांनी वेगवेगळ्या थराला १४ म्हटलं तर पुढे दोघांच्या निष्कर्षांची तुलनाच होत नाही, आणि हा घोळ वाटतो त्याहून जास्त वेळा होतो. यजमानांचं थररेखाटन असेल तर त्यांचेच क्रमांक पाळा, नवे करू नका.

हातोडा कुठे चालतो ते आधी विचारून घ्या. ब्रिटनमध्ये चुनखडकाच्या नैसर्गिक फरसबंदीसारख्या सपाट पृष्ठभागांना १९८१च्या कायद्याने संरक्षण देण्याची सोय आहे. अनेक देशांत सीमादर्शक दरडींवर परवानगीशिवाय काही काढता येत नाही. परवानगी असली तरी कड्याचा दर्शनी, सुबक भाग सोडून बाजूच्या आडोशातून त्याच पातळीवरचा दगड घ्या. तुमच्यानंतर तिथे पुन्हा लोक शिकायला येणार आहेत. दरडीखाली पडलेल्या शिळांवर हवं तेवढं शिका, फोडा, भिंग लावा. पण कालक्रमासाठी त्यांतला तुकडा घेऊ नका, तो कुठल्या थरातून पडला हे कोणालाच माहीत नसतं.

शेवटच्या संध्याकाळी नमुन्यांची वाटणी होते. तिथे एक सुचवून बघा: दोघातिघांनी एकाच पातळीवरचा दगड वाटून घ्यावा. तुम्ही कॉनोडॉन्ट काढा, दुसऱ्याने त्याचा थिन सेक्शन करून फोराम पाहावेत, तिसऱ्याने लगतच्या मार्लमधले ऑस्ट्राकॉड, म्हणजे दोन शिंपांचे बारीक कवचधारी प्राणी. एका थराला तीन गटांकडून स्वतंत्र वय मिळालं तर ते एकमेकांना तपासतं. एकट्याने वीस नमुने विरघळवून हे मिळत नाही, आणि अशा बैठकीशिवाय ही माणसं एका थरासमोर क्वचितच एकत्र येतात.

परत आल्यावर सगळ्या बादल्या एकदम लावू नका. सगळ्यात खालचा, सगळ्यात वरचा आणि मधला एक असे तीन नमुने आधी लावा, त्यांचा गाळ पूर्ण वेचा, आणि मगच उरलेल्यांचा क्रम ठरवा. तुमच्या दरडीचं ढोबळ वय आणि चुनखडकाचा प्रकार कळवलात तर कुठल्या खुणा आधी शोधाव्यात ते आणखी नेमकं सांगता येईल.